लायनेल प्रुइटच्या चौदा निवडी

एल्डोरा, आयोवा
९ सप्टेंबर २०१४

लायनेल,

वर 'प्रिय' लिहावं की नाही या विचारात कॉफी गार झाली, म्हणून ते राहू दे. अकरा वर्षांनी माझं पत्र पाहून कोणी गेलं की काय असं वाटून घेऊ नकोस. सगळे आहेत. माझे गुडघे तेवढे गेलेत.

कामाचं सांगतो. गेल्या गुरुवारी ग्रेटा व्हॉस माझ्याकडे आल्या होत्या. म्हाताऱ्या व्हॉसनंतर बेसबॉल क्लब पुतणीकडे आला हे पेपरात वाचलं होतं, पण ती बाई स्वतः गाडी हाकत माझ्या अंगणात येऊन उभी राहील असं काही वाटलं नव्हतं. मी शेवटचे टोमॅटो तोडत होतो. त्या उलट्या बादलीवर बसल्या आणि सरळ विषयाला आल्या.

"मिस्टर हॅगस्ट्रॉम, लायनेल प्रुइटांचा करार डिसेंबरात संपतो. चौदा वर्षं आमच्यासाठी खेळाडू त्यांनी निवडले, आणि निवडल्यावर त्यांना कसं घडवायचं तेही त्यांनीच ठरवलं. त्यांना ठेवायचं की नाही हे मला ठरवायचंय. त्यांच्या कामाचं लेखी मूल्यमापन हवंय."

मी म्हटलं, "क्लबात पन्नास माणसं आहेत. त्यांना विचारा."

"पन्नासही त्यांच्यावर जीव टाकतात. आणि आकडे बघणारा माझा माणूस म्हणतो, उद्याच काढा. मला खेळ कळणारा, पण प्रुइटांवर राग असलेला माणूस हवा होता. सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं."

अशा कारणासाठी आपलं नाव निघणं हा मान समजायचा का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण हो म्हणून बसलोय. दुसऱ्या कोणाकडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

आपण एकोणिसाव्या वर्षी एकाच बसमध्ये शेजारी बसून खालच्या संघातून खेळायचो, तुझ्या लग्नात अंगठी माझ्या खिशात होती, आणि त्याच तू मला मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये चार वाक्यांत कामावरून काढलंस. यातलं मी काही विसरलेलो नाही. पण कागदावर त्यातलं काही येणार नाही. जे दिसेल ते लिहीन.

तुझी लुएला गेली तेव्हा मी यायला निघालो होतो. बर्फामुळे रस्ते बंद होते. कार्ड पाठवलं होतं, मिळालं असेल.

मर्ल हॅगस्ट्रॉम


२६ सप्टेंबर

लायनेल,

दोन आठवडे क्लबाच्या तळघरात बसून आहे. तुझी कपाटं त्यांनी मला उघडून दिली. रखवालदार रोज सकाळी खुर्ची आणून देतो आणि "काय सापडलं का?" असं विचारतो, जणू मी खुनाचा तपास करतोय.

आधी आकड्यांचं. व्हॉसबाईंच्या त्या आकडेवाल्या तरुणाने मला एक तक्ता दिलाय. चौदा वर्षांत जूनमधल्या पहिल्या फेरीच्या चौदा निवडी. त्यातले सहा मुख्य संघापर्यंत पोचले. तक्त्याखाली त्याने लिहिलंय, 'समाधानकारक नाही.' मी त्याला विचारलं, "त्या वेळी रांगेत आपण कितवे होतो, ते कुठे आहे?" तो म्हणाला, त्याने काय फरक पडतो. मग मी त्याला बसवून घेतलं. तीस क्लब ओळीने उभे, एकेकाने एकेक पोरगा उचलायचा. संघ बरा खेळला की पुढच्या वर्षी रांगेत मागे जावं लागतं, आणि हा संघ चौदा वर्षांत दहा वेळा बरा खेळला. म्हणजे पंचवीस जणांनी ताटातलं उचलून झाल्यावर लायनेल प्रुइटची पाळी. त्या तरुणाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पोरगा वाईट नाही, त्याला कोणी मैदानावर नेलेलं नाही इतकंच.

मग मी खालच्या फेऱ्या पाहिल्या, ज्यांकडे कोणी पाहत नाही. तुझ्या चौदा वर्षांत एकसष्ट पोरं वरपर्यंत पोचली. तुझ्याआधीच्या चौदा वर्षांत अडतीस. ऑगी देलुका, जो आज तुमच्या संघाचा कॅचर आहे, तो एकोणिसाव्या फेरीत. तोवर बाकीच्या क्लबांची माणसं जेवायला उठलेली असतात.

मी हे आढेवेढे घेत लिहितोय हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

पण मला खरं धरून ठेवलं ते तुझ्या कार्डांनी. मी तिथे होतो तेव्हा हे तू एवढं नेमाने करतोस हे ठाऊक नव्हतं. प्रत्येक पोरावर एक कार्ड. वेग, हात, पाय, नजर, सगळे लिहितात तसं. आणि शेवटी एक ओळ, प्रत्येक कार्डावर: 'मला काय दिसलं नाही.'

'डावखुऱ्या पिचरसमोर हा काय करतो ते. तीन दिवस थांबलो, समोर डावखुरा आलाच नाही.'

'पाऊस होता, मी गाडीत बसून पाहिलं. अर्धंच पाहिलं असं धरा.'

देलुकाच्या कार्डावर: 'आई वारल्यावर याने वर्षभर खेळ सोडला. परत का आला, ते.'

लायनेल, मी चाळीस वर्षं या धंद्यात काढली, अहवाल लिहिले, वाचले. आपल्याला काय दिसलं नाही हे लिहिणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्याच कपाटात माझे जुने अहवाल आहेत. त्यात दर दोन ओळींना 'नक्की' आहे. मी ते परत ठेवून दिले.

त्या तरुणाच्या तक्त्यात एक नाव लाल रंगात आहे, इव्हान रीडिंगर, पिचर, २००३, पहिली फेरी. एकही सामना वर खेळला नाही. त्याच्यानंतर दोनच जागा सोडून दुसऱ्या क्लबाने ज्याला घेतलं तो आज टीव्हीवर दिसतो. तुला काढा म्हणणारे सगळे या एका नावाशी येऊन थांबतात. त्या नावाबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

हॅगस्ट्रॉम


१३ ऑक्टोबर

लायनेल,

फ्लोरिडाला जाऊन आलो. नव्या पोरांचं शरदातलं शिबिर पाहिलं. तू मुद्दामच तिथे नव्हतास असं कळलं. त्याबद्दल आभारी आहे.

तुझा तो नियम मी पुन्हा डोळ्यांनी पाहिला. जूनमध्ये घेतलेल्या पोराला पुढच्या वसंतापर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्याचा चेंडू फेकण्याचा ढंग असेल तसा, बॅट फिरवण्याचा असेल तसा. दुखत असेल तर डॉक्टर, एरवी फक्त पाहायचं आणि विचारायचं. पर्नेल नावाचा तुमचा पिचरांचा प्रशिक्षक, तिशीचा असेल, एका लांबट पोरापुढे वही घेऊन बसला होता.

"तू चेंडू सोडतोस तेव्हा वजन कुठल्या पायावर असतं?"

"माहीत नाही, सर."

"मलाही माहीत नाही. टाक दहा, आणि मग दोघं मिळून ठरवू."

पोराने टाकले. फेक इतकी वेडीवाकडी की बघवेना. हात कानामागून कुठून तरी निघायचा. मला ते दोन मिनिटांत सरळ करता आलं असतं. माझा हात दोनदा वर आला, लायनेल, सत्तरीतल्या म्हाताऱ्याचा. पर्नेलने पाहिलं आणि हसला.

"सगळ्यांचं होतं असं, सर. मी पहिल्या वर्षी खिशात हात घालून उभा राहायचो. प्रुइट मला म्हणाले, पोराला काय येतं ते आधी त्याच्याकडून शिक, मग तुला काय येतं ते दाखव."

"आणि पोरं फुकट वर्ष घालवतात त्याचं काय?"

"गेल्या सात वर्षांत आमच्या खालच्या संघांत कोपराची किती ऑपरेशनं झाली, माहीत आहे?"

मला माहीत होतं, मी तळघरात मोजलं होतं. इतर क्लबांत झाली त्याच्या निम्मीही नाहीत. अहवालात ते चौथ्या पानावर आहे, आणि त्याखाली मी लिहिलंय की खेळाडू घडवण्याची याहून शहाणी पद्धत मला ठाऊक नाही. हे वाक्य लिहायला मला पूर्ण दुपार लागली.

मर्ल


२४ ऑक्टोबर

लायनेल,

आज रीडिंगरचं कार्ड काढलं. तीन आठवडे ते ज्या खणात होतं तो खण सोडून मी बाकीचे सगळे खण उघडत होतो.

त्याच कार्डाला तुझी एक चिठ्ठी टाचलेली होती, ऑगस्ट २००३ ची, म्हाताऱ्या व्हॉसना लिहिलेली. 'रीडिंगरच्या बाबतीत निवड चुकली. जबाबदारी माझी. हॅगस्ट्रॉम स्वतःच्या इच्छेने जात आहेत. ते उत्तम प्रशिक्षक आहेत आणि कोणीही त्यांना आनंदाने घ्यावं.' एवढंच.

तर आता लिहितो.

त्या उन्हाळ्यात तू पोराला माझ्या संघात पाठवलंस. नियम मला तोंडपाठ होता. तू मिसूरीतून फोन करून पुन्हा सांगितला होतास, "मर्ल, याला मार्चपर्यंत असाच राहू दे." मी हो म्हटलं. त्याचा हात बाजूने यायचा, कोपर खाली. मला वाटलं, हा हात वरून आला तर हे पोरगं अंगार टाकेल. आणि तू मार्चमध्ये येशील तेव्हा मी त्याला तयार करून तुझ्यापुढे उभा करीन. चाळीस वर्षं लोक म्हणायचे, प्रुइटला नजर आहे. मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, हॅगस्ट्रॉमला हात आहे.

तिसऱ्या दिवशी त्याचा वेग ताशी चार मैलांनी वाढला. पाचव्या आठवड्यात कोपर गेलं.

तू आलास आणि पार्किंगमध्ये म्हणालास, "मर्ल, पोराचं कोपर गेलं. नियम तुला माहीत होता. आजपासून तू इथे कामाला नाहीस. कोणी विचारलं तर मी तुझ्याबद्दल वाईट बोलणार नाही." ही ती चार वाक्यं. अकरा वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आलो, आणि दर वेळी तीनच वाक्यं सांगितली. खरं तर तीही नाहीत. मी सांगत आलो की लायनेलने कच्च्या हाताचं पोरगं उचललं, ते फुटलं, आणि आपली चूक झाकायला मला बाहेर काढलं. लोकांनी मानलं. तू एकदाही खोडलं नाहीस. म्हाताऱ्या व्हॉसनी तुझे हेच शब्द पुढे सांगितले असणार, त्यांच्याच जोरावर मला दुसऱ्या क्लबात आठ वर्षं काम मिळालं. ती नोकरी माझ्या नावावर मिळाली असं मी समजत होतो.

कार्डावरची शेवटची ओळ जूनमधली आहे, निवडीच्या आधीची. 'मला काय दिसलं नाही: या मुलाला नाही म्हणता येतं का, ते. त्याच्या शाळेचा कोच जे सांगे ते सगळं हा करत होता.'

आणखी एक. २००९ च्या फेब्रुवारीत, लुएला गेली तेव्हा, रस्ते बंद नव्हते. मी कोट घालून गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि तुझ्या दारात तुझ्यापुढे उभं राहावं लागेल म्हणून पुन्हा घरात आलो. लुएलाने मला आयुष्यात एकदाही उपाशी परत पाठवलं नव्हतं.

मी रीडिंगरला शोधून काढणार आहे.

मर्ल


ऑर्ड, नेब्रास्का
१० नोव्हेंबर

लायनेल,

मोटेलच्या टेबलावर बसून लिहितोय. आज इव्हान रीडिंगरला भेटलो.

तो गुरांचा डॉक्टर झालाय हे तुला माहीत आहे. मला नव्हतं. याच उन्हाळ्यात कॉलेज संपवून इथल्या दवाखान्यात लागला. दवाखान्यातल्या बाईने मला एका गोठ्याचा पत्ता दिला. तिथे पोचलो तर तो गाईंच्या रांगेमागे उभा, खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा, गाभण कोण आणि रिकामी कोण ते तपासत होता. एकोणतीस वर्षांचा आहे. पोट सुटायला लागलंय. मला ओळखायला त्याला दोन सेकंद लागले असतील.

"मिस्टर हॅगस्ट्रॉम. ते गेट धरा."

मी गेट धरलं. चाळीस गाई गेल्या. तो फक्त एवढंच बोलत होता, "गाभण. गाभण. रिकामी. गेट." सगळं डाव्या हाताने करत होता. सगळ्या गाई संपल्यावर त्याने हातमोजा उतरवला आणि माझ्या नजरेकडे पाहून म्हणाला, "उजवा पूर्ण सरळ होत नाही. आत घातला तर गाय वैतागते."

त्याने गाडीच्या मागच्या फळीवर डबा उघडला. आईने मांस-घेवड्याची तिखट चिली दिली होती आणि दालचिनीचे गोड रोल, इथे ते बरोबरच खातात. एक रोल माझ्या हातात दिला. मी मनात घोळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. नियम होता, मी मोडला, वगैरे. तो शांतपणे चिली खात होता.

"तुम्ही एकटे नव्हता त्यात," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी माझा वेग चार मैलांनी वाढला. मी घरी फोन करून वडिलांना सांगितलं, इथे एक म्हातारा आहे, जादूगार आहे. मला आवडलं होतं ते."

"तू अठरा वर्षांचा होतास."

"होतो की."

"दुखायला लागलं तेव्हा…"

"तेव्हा सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला. दोनदा. तुम्ही म्हणालात, हात नव्या जागी बसतोय, स्नायू कुरकुर करणारच."

लायनेल, हे मला आठवत होतं. मागच्या पत्रात सगळं लिहितो असं म्हणून मी हे गाळलं होतं. त्या पोराने ते रोल खाता खाता, आवाज न चढवता माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "हो. सांगितलं होतंस."

थोड्या वेळाने मी विचारलं, "राग आहे?"

"होता. तीन-चार वर्षं चांगला टिकला. मग कॉलेजचं रसायनशास्त्र निघालं, आणि राग धरायला वेळ उरेना."

मग तुझा विषय निघाला. २००६ मध्ये तू त्याला क्लबातून मोकळं करायला स्वतः आला होतास. इतर क्लब फोन करतात. तो म्हणाला, "मिस्टर प्रुइट आले त्या दिवशी आमच्याकडे गाय अडली होती. ते सूट घालून गोठ्यात दोन तास उभे. वडील म्हणाले, ट्रॅक्टर लावून वासरू ओढू. मी म्हटलं, नाही. वडील चिडले, ओरडले. मी पुन्हा म्हटलं, नाही, गाय मरेल. मी वासरू आतच वळवलं, मग निघालं. मिस्टर प्रुइटांनी हे सगळं पाहिलं. मग स्वयंपाकघरात बसून मला म्हणाले, बेसबॉल संपला, वाईट वाटतंय मला. पण तुझ्याबद्दल एक गोष्ट मला दिसली नव्हती, ती आज दिसली. तुझ्या करारात लिहिलेलं आहे, कॉलेजचा खर्च क्लबाचा. ते वापर."

"आणि?"

"आणि काय. अर्ज त्यांनीच बसून भरून घेतला. माझं स्पेलिंग भयानक आहे."

म्हणजे तक्त्यात जे नाव लाल आहे, त्याच्याही बाबतीत तू पाहत राहिलास. निवडून तीन वर्षं झाल्यावर, ज्याच्याकडून क्लबाला आता काही मिळणार नाही अशा पोराला, सुटात, शेणात उभं राहून. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक पोराच्या करारात कॉलेज घालायला तूच लावलंस हे मी मोजलं होतं, पण त्याचा अर्थ मला या गाडीच्या फळीवर बसून कळला.

निघताना त्याने हात पुढे केला. डावा.

अहवालाचा मसुदा सोबत आहे. सतरा पानं. व्हॉसबाईंना विचारून पाठवतोय. त्या म्हणाल्या, चुकीचं काही असेल तर त्यांनी सांगावं. सातवं पान रीडिंगरचं आहे. ते आधी वाच. तुला पटलं नाही तरी ते जाणार.

मर्ल


एल्डोरा
६ डिसेंबर

प्रिय लायनेल,

तुझं पाकीट मागच्या मंगळवारी आलं. उत्तर येईल असं धरून चाललो नव्हतो, आणि आलंच तर शिव्या असतील असं वाटलं होतं. आत माझीच सतरा पानं, लाल पेन्सिलीने केलेल्या चार दुरुस्त्या, आणि बाकी एक शब्द नाही. ना मायना, ना सही. तुझं अक्षर आणखी बारीक झालंय. मला भिंग शोधावं लागलं.

दुरुस्त्या पाहून मी हसलो. एखाद्या माणसाचं कौतुक करावं आणि त्याने त्यातलं वजा करून परत पाठवावं, हे तूच करू जाणे.

पहिली: एकसष्ट नव्हे, अठ्ठावन्न. तिघांना तू निवडलंस, पण त्यांनी क्लबाशी करार केला नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडे गेले. बरोबर आहे, माझी मोजणी चुकली.

दुसरी: ऑगी देलुका तुझा नव्हे. तिथल्या भागात पोरं हेरणारा स्काउट विल्बर याने तुला तीन वेळा फोन केला, तू दोनदा नाही म्हणालास, तिसऱ्यांदा त्याचा आवाज ऐकून हो म्हणालास. 'माझं श्रेय फोन उचलल्याचं,' असं समासात लिहिलंयस. ते जसंच्या तसं घातलंय.

तिसरी: 'पहिल्या उन्हाळ्याचा नियम माझा नाही, लुएलाचा. ती पियानो शिकायला आलेल्या मुलाला पहिला महिना बोटं कशी धरायची हे सांगत नसे. नुसती ऐकायची. मी दारात उभा राहून तिला एकदा विचारलं होतं, चुकीचं वाजवतोय तर सांगत का नाहीस? ती म्हणाली, त्याचं काय चुकतंय हे मला अजून कळलेलं नाही.' त्या पियानोशेजारच्या टेबलावर मी किती वेळा जेवलो असेन. तिने मला हे कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. ग्रेटा व्हॉस यांच्या अहवालात, चौथ्या पानावर, आता तिचं नाव आहे.

बैठक परवा झाली. तुला निकाल क्लबाकडून कळलाच आहे, पण खोलीत काय झालं ते तुला कोणी सांगणार नाही, म्हणून सांगतो. व्हॉसबाईंनी सतरा पानं आधीच वाचली होती. आकडेवाल्या तरुणाने एक प्रश्न मांडला, आणि प्रश्न रास्त होता. "हा पहिल्या वर्षाचा नियम काढला तर पोरं लवकर तयार होतील की नाही?"

"होतील," मी म्हटलं. "तीन दिवसांत होतील. मी करून दाखवलंय."

व्हॉसबाईंनी पानं उलटून सातवं पान काढलं आणि पुन्हा वाचलं. मग त्या म्हणाल्या, "नियम राहील. मिस्टर प्रुइट यांना तीन वर्षं." तरुणाने वाद घातला नाही. बाहेर आल्यावर तो माझ्यामागे आला आणि त्या कार्डांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते असं विचारलं. मी त्याला रखवालदाराचं नाव सांगितलं.

माझ्या दुसऱ्या क्लबात दर जानेवारीत तरुण प्रशिक्षकांपुढे माझं भाषण असतं, पिचरचा हात कसा सांभाळावा यावर. त्यांना मी सातवं पान पाठवून दिलं. यंदा कार्यक्रम भरगच्च आहे असं त्यांनी कळवलं. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच कळवलं असतं.

आता चौथी दुरुस्ती. मी लिहिलं होतं, 'रीडिंगर ही निवडीतली चूक नव्हती. ती चूक माझी, एकट्याची.' तू 'माझी, एकट्याची' खोडून 'आमची' केलंस, आणि समासात लिहिलंस, 'मर्लचे हात मला चाळीस वर्षं माहीत होते. तरी पोराला त्याच्याकडे मीच पाठवलं, आणि पाहायला थांबलो नाही.'

मी ते बऱ्याचदा वाचलं. तू खोटं लिहीत नाहीस, तेव्हा तुला तसं वाटत असणार. अकरा वर्षं तू गप्प बसलास ते माझ्यावर उपकार म्हणून असं मी समजत होतो. त्यातलं निम्मं तू स्वतःला सुनावत होतास हे मला त्या लाल पेन्सिलीने कळलं.

बैठकीच्या सकाळी क्लबातली टाइप करणारी मुलगी शेवटची प्रत घेऊन आली. तुझी पानं शेजारी ठेवून तिने एकेक ओळ ताडून पाहिली. मग बोट ठेवून म्हणाली, "सर, तीन झाल्या. ही सातव्या पानावरची राहिली."

मी म्हटलं, "राहिली नाही. माझी ओळ होती तशीच जाऊ दे," आणि तिच्या पेनने सही केली.

तुझा,
मर्ल